विभाजक रेषेचे प्रयोजन

महाराष्ट्राच्या महसूल विभागाने 2020 साली सातबाऱ्याच्या उताऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा जाहीर झालेल्या बदलांच्या यादीत शासनाचे बोधचिन्ह, गावाच्या नावाशेजारी त्याचा संकेतांक, प्रलंबित फेरफारांची नोंद अशा ठळक सुधारणांच्या सोबतीने एक कलम असेही होते की, यापुढे दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेषा छापली जाईल. वर्तमानपत्रात ती यादी वाचणाऱ्या बहुतेकांची नजर या कलमावर क्षणभरही ठरली नसेल. कारण जमिनीच्या मालकीचा प्रश्न तो केवढा आणि त्यात एका तुटक रेषेची मातब्बरी ती काय, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या मते मात्र त्या संपूर्ण यादीत सर्वांत शहाणपणाची सुधारणा तीच होती, आणि संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर मजकुराची मांडणी करणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी तिचा अवश्य अभ्यास करावा अशी तिची योग्यता आहे.

ती रेषा काय साधते हे समजण्यासाठी उताऱ्याच्या वरच्या भागाकडे, म्हणजे गाव नमुना सातकडे, जरा जवळून पाहिले पाहिजे. एका गटाची जमीन तीन पिढ्यांच्या वाटण्यांनंतर दहा-पंधरा सहहिस्सेदारांच्या नावे लागलेली असणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट आहे. त्या सर्वांचे आडनाव एक. त्यांतील सख्ख्या भावांच्या वडिलांचे नावही अर्थातच एक. आणि नाव लांबलचक असले की ते रकान्यात न मावून त्याचा शेवटचा शब्द खालच्या ओळीवर उतरतो. अशा वेळी खालच्या ओळीवर एकटेच पडलेले आडनाव वरच्या इसमाचे की खालच्या इसमाचे, आणि शेजारच्या रकान्यांतील क्षेत्र, आकार व फेरफार क्रमांक हे नेमके कोणत्या नावासमोर वाचायचे, असा संभ्रम वाचणाऱ्याला पडतो. हा वाचणारा म्हणजे कधी पीककर्जाची प्रकरणे उपसणारा बँकेतील कारकून असतो, कधी खरेदीखताचा मसुदा करणारा वकील, तर कधी चष्मा घरी विसरून तलाठी कार्यालयाच्या पायरीवर उभा असलेला वृद्ध खातेदार. आणि यांपैकी कोणाचीही नजर एका ओळीने ढळली तरी त्या चुकीचे मोल गुंठ्यांत आणि क्वचित एकरांतही मोजावे लागते. नावांमध्ये मोकळी जागा सोडूनही हा घोटाळा टाळता आला असता हे खरे. परंतु पंधरा नावांमध्ये चौदा मोकळ्या पट्ट्या सोडायच्या तर उतारा एका पानाचा दोन पानांवर जातो, आणि पान बदलले म्हणजे नजर चुकण्याची एक नवीच संधी निर्माण होते. रेषेला जवळजवळ काहीच जागा लागत नाही.

त्याच सुधारणांमध्ये दुसरीही एक रेषा आली. मयत खातेदारांची नावे, फिटलेल्या कर्जांचे बोजे अशा रद्द झालेल्या नोंदी पूर्वी नुसत्या कंसात दाखवल्या जात; नव्या नमुन्यात त्यांच्या अंगावरून आडवी रेषा मारण्याची तजवीज झाली. म्हणजे एकाच कागदावर आता दोन प्रकारच्या आडव्या रेषा नांदू लागल्या: एक दोन नावांच्या मधून जाणारी, जी दोघांचेही हक्क शाबूत ठेवून त्यांना निराळे करते, आणि दुसरी नावाच्या मधोमध जाणारी, जी त्या नावाचा अंमल संपल्याचे जाहीर करते. दोहोंतील अंतर कागदावर दोन-तीन मिलिमीटरांचे आणि अर्थाचे अंतर हयात व मयत एवढे. पहिली रेषा तुटक ठेवल्याने या दोघींची गल्लत होण्याचा धोका पुष्कळच टळतो, आणि कागदाची आखणी करणाऱ्या कोणा अज्ञात अधिकाऱ्याचे त्याबद्दल अभिनंदन केले पाहिजे.

दोन मजकुरांमध्ये रेषा ओढणारा माणूस, त्याच्या ध्यानी असो वा नसो, एक दावा करीत असतो. येथे एक विषय संपला, येथून दुसरा सुरू झाला, आणि या दोहोंचा मिलाफ करण्याची वाचकाला मुभा नाही, असा तो दावा होय. मोकळी जागाही हेच सुचवते. पण ती सुचवते, रेषा बजावते. म्हणून जेथे बजावणे आवश्यक आहे तेथेच रेषा यावी असे मी मानतो, आणि तसे प्रसंग मुख्यतः दोन: जागेची अशी टंचाई की मोकळीक परवडत नाही, किंवा वाचनातील चुकीची किंमत अशी भारी की नुसत्या सूचनेवर विसंबता येत नाही. सातबाऱ्यावर हे दोन्ही प्रसंग एकत्र आले आहेत. आपल्या रोजच्या पडद्यांवर पुष्कळदा यांपैकी एकही नसतो आणि तरी रेषांचा सुकाळ असतो. उलट अलीकडे रेषांचा समूळ उच्छेद करण्याची जी टूम रचनाकारांमध्ये निघाली आहे, तिच्यामुळे जेथे हे दोन्ही प्रसंग आहेत तेथूनही रेषा हद्दपार होऊ लागली आहे.

रेषेच्या अंगी हे बळ कोठून आले याचा शोध मानसशास्त्रात घ्यावा लागतो. 1923 मध्ये बर्लिन येथे काम करणाऱ्या माक्स वेर्थायमर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, ज्यात कागदावरील साध्या ठिपक्यांच्या ओळींखेरीज फारशी सामग्री नव्हती. एका ओळीतील ठिपक्यांमध्ये आळीपाळीने थोडे व जास्त अंतर ठेवले की पाहणाऱ्याला ठिपके न दिसता ठिपक्यांच्या जोड्या दिसतात, आणि तीच ओळ दुसऱ्या तऱ्हेने, म्हणजे दूरच्या ठिपक्यांच्या जोड्या कल्पून, पाहण्याचा यत्न केला तर डोळा तो हुकूम मानत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. जे जवळ ते एकत्र, असा हा नियम. आणि पडद्यावरील मोकळ्या जागेची सारी करामत याच नियमावर उभी आहे. परंतु पुढे 1992 मध्ये बर्कलीच्या स्टीफन पामर यांनी त्यात एक महत्त्वाची भर घातली. ठिपक्यांभोवती सीमा आखून त्यांना एका आवारात बसवले तर डोळा त्या आवाराला एक गट मानतो, आणि पुष्कळदा जवळ-दूर हा विचार बाजूला सारून मानतो. शेजारी-शेजारी असलेले दोन ठिपके निरनिराळ्या आवारांत पडले की ते परके होतात आणि एकाच आवारातील दूरचे दोन ठिपके सगोत्र ठरतात. सीमेचा हुकूम अंतराच्या सूचनेवर मात करतो, असे याचे तात्पर्य. आणि म्हणूनच चुकीच्या जागी आलेली रेषा चुकीच्या जागी सुटलेल्या मोकळिकीपेक्षा अधिक नुकसान करते.

याचा सर्वांत सामान्य दाखला म्हणजे मथळा आणि त्याखालील मजकूर यांच्यामध्ये ओढलेली रेषा. मथळा ज्या मजकुराचा, त्याच्यापासूनच रेषेने तो तोडला जातो, आणि वरच्या परक्या परिच्छेदाच्या आवारात ढकलला जातो. विकिपीडियाच्या लेखांत मुख्य मथळ्यांखाली पानभर रुंद अशी बारीक रेषा असते, ती मराठी विकिपीडियावरही आहे, आणि ती इतक्या वर्षांत खपून गेली त्याचे कारण एवढेच की मथळ्याच्या वर सोडलेली जागा खालच्या जागेपेक्षा मोठी आहे, आणि रेषा मथळ्याला इतकी चिकटून असते की ती मथळ्याचाच भाग वाटते. ही तोलून केलेली मांडणी आहे. तिचे अनुकरण करणारे रेषा तेवढी उचलतात आणि अंतराचे प्रमाण तेथेच सोडून येतात. मग एखाद्या सहकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ‘वार्षिक अहवाल’ हा मथळा वरच्या ‘संचालक मंडळा’च्या यादीतील शेवटचे नाव असल्यासारखा लटकत राहतो.

छापखान्यात रेषा ही वस्तू होती हे आज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. खिळ्यांच्या उंचीची पितळेची पातळ पट्टी दोन रकान्यांच्या मध्ये उभी करायची, तिच्या वरच्या धारेला शाई लागून कागदावर बारीक रेघ उमटायची. ती खरेदी करावी लागे, मापाने कापावी लागे, झिजली की बदलावी लागे. 1840 च्या दशकात अमेरिकेत रिचर्ड हो यांनी जे मोठे फिरते मुद्रणयंत्र बनवले, त्यात तर खिळे एका फिरत्या नळकांड्यावर बसवलेले असत आणि वेगाने फिरताना ते उडून जाऊ नयेत म्हणून रकान्यांमधील पट्ट्या पाचरीसारख्या घडवून त्यांच्या दाबाने खिळे जागच्या जागी धरून ठेवावे लागत. अशा पृष्ठावर दोन रकाने ओलांडून जाणारा मथळा देणे म्हणजे मधली पाचर काढून टाकणे होय, आणि पाचर काढली की खिळ्यांचा आधार गेला. तेव्हा बातमी कितीही मोठी असो, तिचा मथळा एका रकान्याच्या हद्दीतच राहिला. वृत्तपत्राची जी मुद्रा पुढे कित्येक वर्षे गंभीर व भारदस्त म्हणून वाखाणली गेली, तिच्या मुळाशी अभिरुचीचा भाग कमी आणि यंत्राची सक्ती अधिक होती. त्या पट्ट्यांचा आणखी एक उपयोग होता. पट्टीची वरची धार बारीक व तळ जाड असे. राष्ट्रावर शोकाचा प्रसंग आला की कंपॉझिटर त्या पट्ट्या उलट्या करीत आणि बारीक रेघेच्या जागी जाड काळा पट्टा उमटे. 1865 च्या एप्रिलमध्ये लिंकन यांच्या हत्येनंतर अमेरिकेतील वृत्तपत्रे अशा काळ्या रकान्यांनी निघाली, आणि वाचता न येणाऱ्यालाही रस्त्यावरून काय घडले असावे याचा अंदाज आला.

आपल्याकडच्या जुन्या वहीखात्यांत याच कामासाठी शाई वापरीतच नसत. लांबट पानाला उभ्या घड्या घालून त्यांच्या वळ्यांनीच जमा, नावे, रक्कम आणि तपशील यांचे रकाने पाडले जात. बोटाला व तिरक्या उजेडात डोळ्याला तो फरक समजे, आणि पान वाचताना एकही रेघ मध्ये येत नसे. विभाजनाची इतकी किफायतशीर रीत मला दुसरीकडे आढळलेली नाही. पुढे आखीव व छापील वह्या आल्या, दर ओळीला आडवी आणि दर रकान्याला उभी रेघ आली, आणि मग संगणकावरच्या तक्त्यांनी तोच चौकटींचा वारसा निमूटपणे स्वीकारला. या चौकटींविरुद्ध एडवर्ड टफ्टी या अमेरिकन लेखकाने मोठी मोहीम चालवली. दोन समांतर रेषा शेजारी ओढल्या की त्यांच्यामधली पांढरी पट्टी ही तिसरी आकृती म्हणून दिसू लागते, हे चित्रकार योसेफ आल्बर्स यांचे निरीक्षण त्यांनी 1990 च्या आपल्या पुस्तकात पुढे आणले. त्याचा हिशेब साधा आहे. दहा ओळींच्या तक्त्यात नऊ आडव्या रेषा घातल्या तर डोळ्यापुढे एकोणीस पट्टे येतात आणि वाचायचे असतात फक्त दहा. शेताच्या बांधाने दोन्हीकडची जमीन खावी तशी रेषा दोन्हीकडचे लक्ष खाते. लाटेक या टंकन-व्यवस्थेसाठी तक्त्यांचे साधन बनवणारे सायमन फिअर यांनी तर उभ्या रेषा कधीही वापरू नयेत आणि दुहेरी रेषाही कधी वापरू नयेत असे दोन नियमच घालून दिले. तक्त्याच्या माथ्यावर एक, रकान्यांच्या मथळ्यांखाली एक आणि तळाशी एक, एवढ्या तीन रेषांवर त्यांचा तक्ता उभा राहतो. शास्त्रीय नियतकालिकांत हा नमुना आता सर्वमान्य झाला आहे आणि तो आहेही देखणा. पण पंधरा सहहिस्सेदारांची नावे तीन रेषांच्या तक्त्यात घालून पाहावी, म्हणजे सर्वमान्य नियमाचीही हद्द कोठे संपते ते कळेल. फिअर यांच्या तक्त्यातील प्रत्येक नोंद एका ओळीत मावणारी आहे, आपली मावत नाही.

वैयक्तिक संगणकाच्या पडद्यावर विभाजक रेषेला मानाचे स्थान मिळाले ते प्रामुख्याने आज्ञांच्या याद्यांमध्ये. 1984 साली ॲपलचा मॅकिंटॉश बाजारात आला तेव्हा त्याच्या खाली उलगडणाऱ्या मेनूंमध्ये आज्ञांचे गट फिक्या ठिपक्यांच्या रेषांनी वेगळे केलेले होते. संपादनाच्या मेनूत सर्वांत वर ‘केलेले रद्द करा’ ही एकटी आज्ञा, मग रेषा, मग कापणे, नकलणे, चिकटवणे यांचा गट. फाइलच्या मेनूत उघडण्याच्या आज्ञा एकीकडे, छापण्याच्या दुसरीकडे, आणि कार्यक्रम बंद करण्याची आज्ञा अगदी तळाशी, रेषेपलीकडे. गमतीची गोष्ट अशी की त्या यंत्रणेत ही रेषा ही स्वतःच मेनूतील एक आज्ञा असे. कार्यक्रम लिहिणारा आज्ञेच्या नावाच्या जागी नुसते संयोगचिन्ह लिही, यंत्र त्या चिन्हाची पूर्ण रुंदीची रेषा करी, आणि ती निवडता येऊ नये म्हणून तिला निष्क्रिय ठरवले जाई; पण आज्ञांना क्रमांक देताना रेषेलाही क्रमांक मिळे, आणि तो विसरणाऱ्या नवशिक्याने तिसरी म्हणून समजलेली आज्ञा प्रत्यक्षात चौथी निघे. क्रमांकाचा भाग सोडला तरी मेनूतील ही रेषा माझ्या कसोटीला पूर्ण उतरते. ती चुकीच्या आज्ञेपासून हाताचे रक्षण करते. लिहिलेले जतन करायला निघालेला माणूस सगळेच बंद करून बसू नये, यासाठी ती तेथे आहे.

वेबच्या वाट्याला आलेली रेषा याहून बरीच उथळ निघाली. वेबची पाने ज्या एचटीएमएल भाषेत लिहिली जातात, तिच्या 1995 च्या प्रमाणपत्रकात आडव्या रेषेसाठी ‘एचआर’ नावाची स्वतंत्र खूण होती आणि मजकुराचे विभाग पाडणे हे तिचे काम म्हणून सांगितले होते. खूण टंकायला इतकी सोपी आणि त्या काळच्या ब्राउझरांत ती पडद्यावर खोदल्यासारखी इतकी सुबक उमटे, की हौशी मंडळींनी प्रत्येक परिच्छेदानंतर तिचा सपाटा लावला. ज्यांचे तेवढ्याने समाधान होईना त्यांनी इंद्रधनुष्यी पट्ट्यांची, चालत्या मुंग्यांची आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांची हलती चित्रे रेषा म्हणून घातली. 2014 मध्ये त्या भाषेची पाचवी आवृत्ती प्रमाण झाली, तेव्हा ‘एचआर’चा अर्थ दुरुस्त करण्यात आला होता: ती आता रेषा राहिली नव्हती, कथेत प्रसंग बदलावा तसा विषय बदलल्याची ती खूण झाली होती, मग ती पडद्यावर रेषेने दाखवा, फुलीने दाखवा की रिकाम्या जागेने. दिसण्याचा व असण्याचा हा भेद तात्त्विक वाटेल, पण अंध वाचकाच्या दृष्टीने तो अगदी व्यावहारिक आहे. पडदा वाचून दाखवणारी साधने ‘एचआर’ला विभाजक म्हणून ओळखतात, उलट परिच्छेदाच्या खालच्या कडेला रंग देऊन जी रेषा निव्वळ शोभेपुरती उमटवली जाते, तिचा त्यांना थांगपत्ताही नसतो. ज्या रेषेवाचून अर्थ बिघडतो ती पहिल्या प्रकारे घालावी आणि जी केवळ नेत्रसुखासाठी आहे ती दुसऱ्या प्रकारे, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ.

आता फोनकडे वळावे. फोनवरील संपर्कांची किंवा संदेशांची यादी उघडली तर प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला माणसाचे गोल छायाचित्र, त्याच्या उजवीकडे नाव, आणि दोन नावांमध्ये एक अतिशय बारीक रेषा असे दृश्य कित्येक ठिकाणी दिसते. ही रेषा पडद्याच्या डाव्या कडेपासून निघत नाही. ती छायाचित्राखालची जागा मोकळी सोडून नावाच्या पहिल्या अक्षराखालून सुरू होते आणि उजव्या कडेपर्यंत जाते. ॲपलने 2013 मध्ये आपल्या फोनच्या प्रणालीची सातवी आवृत्ती काढली तेव्हापासून तिच्या याद्यांत रेषा डावीकडून आत सरकली, आणि गुगलने 2014 मध्ये जाहीर केलेल्या मटेरियल डिझाइनच्या नियमांत तर छायाचित्र असलेल्या यादीतील नावे व रेषा दोन्ही डाव्या कडेपासून 72 एककांवर सुरू करण्याचे मापच ठरवून दिले. या आखूड रेषेत मोठी खुबी आहे. छायाचित्रे एकाखाली एक अखंड ओघळत राहिल्याने यादी एकसंध वाटते, आणि नावांच्या बाजूला मात्र प्रत्येक माणूस निराळा राहतो. म्हणजे रेषा एकाच वेळी अर्धी जोडते व अर्धी तोडते. कडेपासून कडेपर्यंत जाणारी पूर्ण रेषा याच नियमांनी एका प्रकारची यादी संपून दुसरी सुरू होते अशा मोठ्या विभाजनासाठी राखून ठेवली आहे. सातबाऱ्यावर तुटक आणि सलग या भेदाने जे साधले तेच येथे लांबीच्या भेदाने साधले, आणि लांबीला दोन अर्थ असू शकतात हे ज्याला उमगले त्याला रेषा जाड करण्याची गरज क्वचितच भासते.

मात्र याच नियमांतील दुसरी एक तरतूद मला मान्य नाही. रेषेचा रंग पांढऱ्या पडद्यावर केवळ 12 टक्के काळा ठेवावा, असे तेथे सांगितले होते. हिशेब केला तर पार्श्वभूमीशी त्या रेषेच्या उजळपणाचे प्रमाण अवघे 1.3 ला 1 इतके पडते. आणि वेबच्या सुगम्यतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष 2018 मध्ये सुधारले गेले, त्यांत आशय समजण्यासाठी आवश्यक असलेल्या कोणत्याही आकृतीचे प्रमाण किमान 3 ला 1 असावे अशी अट आहे. निकषांचे समर्थक म्हणतील की विभाजक रेषा ही शोभेची वस्तू असल्याने तिला ही अट लागू नाही, आणि शब्दशः त्यांचे म्हणणे बरोबरही आहे. परंतु मग प्रश्न उरतोच. रेषा आवश्यक असेल तर ती भर उन्हात उभ्या माणसाला, मोतीबिंदू उतरू लागलेल्या डोळ्यांना, तडा गेलेल्या स्वस्त पडद्यावरही दिसली पाहिजे. आणि ती आवश्यक नसेल तर तिला तेथे ठेवण्यात हशील काय? अंधाऱ्या खोलीत, उत्तम पडद्यापुढे बसलेल्या तरुण रचनाकारालाच काय ती दिसते अशी रेषा ही निर्णय न घेता आल्याची खूण आहे.

फिक्या रेषेने गुगललाच एकदा चांगला धडा दिला. मटेरियल डिझाइनच्या पहिल्या आवृत्तीत नाव, पत्ता वगैरे भरण्याची जी जागा असे तिला चौकट नव्हती. तिच्याखाली नुसती एक आडवी रेघ होती, आपल्या छापील अर्जांवर असते तशी. पुढे वापरकर्त्यांवर चाचण्या घेतल्या तेव्हा असे आढळले की काही जणांना ती भरायची जागा वाटतच नाही. त्यांना ती दोन मजकुरांमधील विभाजक रेषा वाटते, आणि ते पुढे निघून जातात. त्यावर इलाज म्हणून नव्या आवृत्तीत भरण्याच्या जागेला रंगीत तळ किंवा पूर्ण चौकट देण्यात आली. छापील अर्जावरची रेघ आपल्याला फसवत नाही, कारण हातात पेन असते आणि कागद भरण्यासाठीच पुढ्यात आलेला असतो. पडद्यावर भरण्याची रेघ, तोडण्याची रेघ आणि दुव्याखालची अधोरेघ या तिघी एकाच रंगरूपाने शेजारी नांदतात, आणि त्यांपैकी कोणती काय सांगते हे ओळखण्याचा भार वाचणाऱ्यावर पडतो.

मराठी पडद्यांच्या बाबतीत या सगळ्यात आणखी एक गुंतागुंत आहे, आणि ती आपल्या लिपीतून आली आहे. रोमन लिपीत आडवी रेषा ही बाहेरून आलेली असते. देवनागरीत ती प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर जन्मापासून आहे. एवढेच नव्हे, आपल्या लिपीत रेषेचे काम जोडण्याचे आहे आणि तोडण्याचे काम तिच्यातील खंडाने होते: शिरोरेषा जेथवर अखंड तेथवर शब्द, आणि ती तुटली की दुसरा शब्द. मोडीत तर लेखक आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग रेषा ओढून घेई आणि मग तिला अक्षरे टांगीत जाई. त्यात शब्दांमध्ये खंडही नसे, आणि शब्द कोठे संपतो हे ज्याचे त्याने अर्थावरून ओळखायचे असे. पेशवे दफ्तरातील कागद वाचणाऱ्या अभ्यासकाला जो पहिला अडसर येतो तो हाच. शिरोरेषेला सरावलेल्या डोळ्यांपुढे विभाजक रेषा अक्षरांच्या माथ्याला भिडवून ठेवली तर ती दुसरी शिरोरेषा भासते आणि मजकूर वरून दाबल्यासारखा दिसतो. खाली भिडवली तर उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय तिच्यात रुततात. दुव्यांखालच्या अधोरेघेने हे दुःख आपण रोज पाहतो.

याचे कारण रेषेत कमी आणि ओळीच्या उंचीत अधिक आहे. फोनची बहुतेक ॲप्स मुळात रोमन अक्षरे समोर ठेवून आखली जातात, आणि नंतर त्यांत मराठी शब्द भरले जातात. रोमन अक्षराला वर-खाली जेवढी जागा पुरते तेवढी वेलांटी, रफार, अनुस्वार आणि मात्रा यांनी वर व उकारांनी खाली विस्तारलेल्या आपल्या अक्षराला पुरत नाही; त्यामुळे इंग्रजीत प्रशस्त वाटणारी यादी मराठीत गजबजते, आणि मग तो गजबजाट निस्तरण्यासाठी आणखी रेषा घातल्या जातात. रेषा येथे काहीच सुधारू शकत नाही. तिची जाडी शिरोरेषेपेक्षा कमी आणि रंग अक्षरांहून निराळा ठेवला तर गल्लत काहीशी कमी होते, परंतु खरे औषध ओळीला थोडी अधिक उंची देणे हेच होय, आणि ती दिल्यावर पुष्कळ ठिकाणी रेषेची आवश्यकताच उरत नाही.

मराठी ॲप, संकेतस्थळ किंवा सरकारी अर्ज यांची मांडणी करणाऱ्यांना म्हणून एवढीच विनंती आहे की, इंग्रजी नमुन्याचा शब्द काढून त्या जागी ‘कुर्डूवाडी’, ‘मूर्तिजापूर’ आणि ‘उद्धृत’ हे तीन शब्द एकाखाली एक घालून पाहावेत. वरच्या शब्दाचा उकार आणि खालच्या शब्दाचा रफार यांच्यामध्ये रेषा कोणालाही न शिवता जात नसेल, तर ओळीची उंची आधी वाढवावी आणि रेषा ठेवायची की काढायची याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.